मैदानाचा शेजारी कोण?

चैत्र-वैशाखाचे दोन महिने म्हणजे आपल्याकडे विहिरींचे तळ दिसण्याचे दिवस. रब्बीचा माल घरांत आलेला असतो, उन्हाळी पिकें ज्यांस पाणी आहे त्यांच्याच रानांत उभीं असतात, आणि धरणांत किती टक्के सांठा उरला याचे आंकडे रोज वाचण्याची संवय आपणांस लागते. याच दोन महिन्यांत, २००८ सालापासून, आय.पी.एल. या नांवानें ओळखली जाणारी क्रिकेटची प्रचंड स्पर्धा बहुतेक दर वर्षीं खेळली जाते. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे, असें २०१६ पूर्वीं फारसें कोणाच्या मनांत आलें नव्हतें. त्या वर्षीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत तो संबंध उघड झाला, २०१८ सालीं तो पुन्हां पुढें आला, आणि पाऊस पडतांच टँकरचा विषय जसा मागें पडतो तसा तोही मागें पडला. आमच्या मतें तो मागें पडूं देण्याजोगा नाहीं. म्हणून प्रस्तुत अंकांत त्यासंबंधीं आमचे विचार वाचकांपुढें मांडीत आहों.

क्रिकेटशीं आमचें वैर नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. रात्रपाळीच्या विजेवर मोटार लावून बांधावर बसलेला शेतकरीही हातांतील फोनवर धांवसंख्या पाहत असतो, हें आम्ही जाणतों. प्रश्न खेळाचा नाहीं, शेजाराचा आहे. एवढा मोठा उत्सव ज्या प्रदेशांत भरतो त्या प्रदेशाशीं त्याचें नातें कोणतें, आणि त्या नात्यांतलें देणें-घेणें कोणीं व केव्हां ठरवावयाचें, एवढाच तो प्रश्न आहे.

२०१५ चा पावसाळा मराठवाड्याकडे पाठ फिरवून गेला होता. मांजरा धरण कोरडें पडलें. एप्रिल २०१६ मध्यें मराठवाड्यांतील धरणांचा सांठा सुमारें ३ टक्क्यांवर आला. लातूर शहरांत पाणी भरण्याच्या ठिकाणीं गर्दी होऊन दंगा होऊं नये म्हणून मार्च महिन्यांतच जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. शेवटीं मिरजेहून कृष्णेचें पाणी आगगाडीनें न्यावें असें ठरलें. सुमारें ३५० किलोमीटरांचा प्रवास करून १० वाघिणींची पहिली गाडी सुमारें ५ लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिल रोजीं लातुरास पोंचली. पुढें ५० वाघिणींच्या गाडीनें एका खेपेस २५ लाख लिटर पाणी जाऊं लागलें.

नेमक्या याच दिवसांत लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेच्या अर्जावर मुंबईच्या उच्च न्यायालयांत सुनावणी चालू होती. लोकांस प्यावयास पाणी नसतां मुंबई, पुणें व नागपूर येथील मैदानांची हिरवळ भिजवावी काय, असा अर्जदारांचा सवाल होता. मुंबई व पुणें येथील संघांनीं मुख्यमंत्र्यांच्या दुष्काळनिधीस प्रत्येकीं ५ कोटी रुपये देण्याची तयारी दाखविली. पिण्याचें पाणी न वापरतां मुंबईच्या घोडशर्यतींच्या मैदानावर शुद्ध होणारें सांडपाणी टँकरनें आणूं, अशीही हमी देण्यांत आली. न्यायालयाचें समाधान झालें नाहीं. लातूरची गाडी पोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं, १३ एप्रिल रोजीं, ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश झाला. पुढें १ मे चा पुण्याचा सामना तेवढा अपवाद म्हणून होऊं दिला. सर्वोच्च न्यायालयानेंही त्यांत हात घातला नाहीं. मुंबईस व्हावयाचा अंतिम सामना २९ मे रोजीं बंगळूर येथें झाला, आणि मुंबई-पुण्याच्या संघांनीं आपले ‘घरचे’ सामने विशाखापट्टणास जाऊन खेळले.

त्या आदेशानें लातुरांतल्या एका हंड्यांतही जास्त पाणी पडलें नाहीं, असें त्या वेळीं पुष्कळांनीं म्हटलें, आणि तें खरें आहे. अर्जदारांच्या म्हणण्याप्रमाणें राज्यांतील मैदानांस त्या हंगामांत सुमारें ६० लाख लिटर पाणी लागणार होतें. हा आंकडा ऐकून शहरांतील माणसाचे डोळे विस्फारतात. पण शेतकऱ्यानें तो आपल्या मापानें मोजून पाहावा. एका एकरावर एक इंच पाणी उभें केलें तर तें एक लाख लिटरांहून थोडें अधिक भरतें. म्हणजे ६० लाख लिटर हें सुमारें ५८ एकर-इंच पाणी झालें. पाटानें भिजविलेल्या सुरू उंसास एकरीं १०० इंचांच्या जवळपास पाणी द्यावें लागतें. आडसालीस त्याहून बरेंच अधिक. तेव्हां तीन शहरांतील मैदानांनीं मिळून जें पाणी प्यावयाचें होतें तें एक एकर सुरू उंसासही पुरलें नसतें. ही गोष्ट आमच्या कांहीं वाचकांस रुचणार नाहीं. परंतु मांजरेच्या खोऱ्यांत टिपूर पाण्याच्या वर्षांत लावलेला ऊंस दुष्काळाच्या वर्षांतही उभाच राहिला, याचा हिशेब आपल्यापुढें मांडल्यावांचून मैदानावर बोट रोखूं लागलों तर आपलें बोलणें कोणी ऐकून घेणार नाहीं, आणि तें योग्यच होईल.

मग आदेश व्यर्थ होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. एवढ्या मोठ्या उत्सवास ‘तूं कोणाच्या पाण्यावर उभा आहेस’ असें विचारण्याचा प्रसंग त्यापूर्वीं आला नव्हता. तो प्रश्न विचारला गेला, हेंच त्या आदेशाचें श्रेय. परंतु उत्तर मात्र चुकीच्या पत्त्यावर शोधलें गेलें. मुंबईच्या मैदानावरचें पाणी लातुराच्या वाट्याचें नव्हतें. तें तेथें जाणार नव्हतें, जाऊं शकत नव्हतें. मग तें कोणाच्या वाट्याचें होतें? मुंबईस रोज सुमारें ३,८५० दशलक्ष लिटर पाणी ज्या सात तलावांतून येतें त्यांपैकीं भातसा व तानसा हे शहापूर तालुक्यांत आहेत. मोडकसागर व वैतरणेचे तलावही त्याच डोंगरपट्ट्यांतले. त्याच शहापूर तालुक्यांतल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यांत टँकर फिरतात. धरणाची भिंत ज्या अंगणांतून दिसते त्या अंगणांतल्या बाईनें टँकरची वाट पाहत बसावें, हा देखावा तेथें कोणासही पाहतां येतो. मुंबईच्या मैदानाचा खरा शेजारी मरीन ड्राइव्हवरचा बंगलेवाला नव्हे. शहापूरचा हा वारली, ठाकूर व कुणबी त्याचा शेजारी आहे. आणि २०१६ च्या त्या सगळ्या वादांत शहापूरचें नांव जवळजवळ ऐकूं आलें नाहीं.

शेजार भिंतीवरून ठरत नाहीं, पाण्यावरून ठरतो, हें शेतकऱ्यास निराळें समजावून सांगावयास नको. आपल्या बांधाला बांध लागून असलेल्या माणसाशीं आपला वर्षांतून एकदां तंटा होतो. पाटाच्या वरच्या अंगाच्या माणसाशीं दर पाळीस संबंध येतो.

२०१८ सालची हकीकत या दृष्टीनें अधिक बोधप्रद आहे, आणि ती मुळापासून सांगितली पाहिजे. कारण तिचें मूळ महाराष्ट्रांत नसून कावेरीच्या कांठीं आहे. कावेरीच्या पाणीवाटपाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १६ फेब्रुवारी २०१८ रोजीं दिला. लवादानें तामिळनाडूस दिलेला १९२ टी.एम.सी. चा वाटा त्यांत १७७.२५ टी.एम.सी. वर आला, आणि निकाल अमलांत आणण्याची योजना केंद्र सरकारनें सहा आठवड्यांत करावी असें ठरलें. मुदत उलटली, योजना झाली नाहीं. कावेरीच्या मुखाकडील भातशेतीचा सारा प्रदेश अस्वस्थ झाला, आणि आमच्या भाताचा निकाल लागला नसतां चेन्नईंत क्रिकेटचा उत्सव कशासाठीं, असें विचारीत लोक रस्त्यावर आले. १० एप्रिलचा सामना हजारों पोलिसांच्या पहाऱ्यांत कसाबसा पार पडला. प्रेक्षकांतून मैदानावर जोडे फेंकले गेले. लगेच चेन्नईच्या संघाचे उरलेले सहा सामने पुण्यास हलविण्यांत आले.

येणेंप्रमाणें एका नदीच्या भांडणांतून निघालेली स्पर्धा दुसऱ्या नदीच्या कांठीं येऊन उतरली. पुण्याचें म्हणून जें मैदान प्रसिद्ध आहे तें पुणें शहरांत नाहीं. तें मावळ तालुक्यांतील गहुंजे या गांवीं, मुंबई-पुणें द्रुतगती मार्गाच्या कडेस, पवना नदीच्या खोऱ्यांत आहे, व २०१२ सालीं सुरू झालें. त्यास पवनेचें पाणी राज्याच्या जलसंपदा खात्याशीं झालेल्या कराराखालीं मिळत होतें, आणि तो करार औद्योगिक वापरासाठीं म्हणून झालेला होता. क्रिकेटचें मैदान भिजविणें हा उद्योग कसा, असा प्रश्न उच्च न्यायालयांत निघाला, आणि १८ एप्रिल रोजीं पवनेचें पाणी मैदानास देण्यास मनाई झाली. सामने मात्र ठरल्याप्रमाणें झाले. २० एप्रिलच्या पहिल्या सामन्यासाठीं चेन्नईहून पुण्यास खास आगगाडी आली. तींत सुमारें १,००० प्रेक्षक होते. दोन वर्षांपूर्वीं मिरजेहून निघालेली आगगाडी ज्यांनीं पाहिली असेल त्यांस ही बातमी वाचून काय वाटलें असेल, तें आम्ही सांगत बसत नाहीं.

मावळच्या शेतकऱ्यास पवनेच्या पाण्याची किंमत कोणी शिकवावयास नको. पवना धरणापासून पिंपरी-चिंचवडपर्यंत बंद नळानें पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें याच द्रुतगती मार्गावर शेतकरी जमले असतां गोळीबार झाला, व तिघांचे प्राण गेले. नदी उघडी वाहत राहिली तर कांठावरचा उपसा चालतो, विहिरींस पाझर मिळतो, गुरांस पाणी मिळतें; पाणी नळांत शिरलें कीं कांठ कोरडा, हें त्यांचें म्हणणें होतें, व तें आजही खोडून काढतां येण्यासारखें नाहीं. त्यानंतर आठ महिन्यांनीं त्याच तालुक्यांत, त्याच मार्गावर मैदान सुरू झालें. मैदानाचा त्या गोळीबाराशीं कांहीं संबंध नाहीं, हें उघड आहे. परंतु ज्या खोऱ्यांत पाण्यापायीं माणसें गेलीं तेथें मैदानास पाणी कोणत्या सदराखालीं दिलें जातें, ही गोष्ट मैदान सुरू होऊन सहा वर्षें उलटल्यावर न्यायालयांत चर्चेस यावी, हें शेजारधर्मास शोभणारें नाहीं. ती गोष्ट ग्रामसभेंत पहिल्याच वर्षीं वाचून दाखवावयास हवी होती.

सदर कोणतें, ही केवळ कारकुनी बाब आहे असें कोणी समजूं नये. २००३ च्या राज्य जलनीतींत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगास दुसरा व शेतीस तिसरा क्रम दिला होता. बरीच ओरड झाल्यावर २०११ सालीं तो फिरविला जाऊन शेतीस दुसरा क्रम मिळाला. म्हणजे पाणी कमी पडलें असतां कोणाचें आधीं तोडावयाचें हें या सदरावर ठरतें. हिरवळीस उद्योगाच्या यादींत बसविलें कीं ती कापडगिरणी व साखर कारखाना यांच्या पंक्तीस जाऊन बसते. गिरणी बंद पडली तर मजुरांची चूल बंद पडते. हिरवळ एक हंगाम पिवळी पडली तर काय होतें? क्रीडा व करमणूक यांसाठीं पाण्याचें सदर स्वतंत्रच असावें, त्याचा क्रम शेवटचा असावा, आणि टंचाई जाहीर होतांच पहिली कात्री त्यास लागावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मैदानामुळें भोंवतालच्या गांवांस कांहींच मिळालें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. ज्यांनीं जमिनी विकल्या त्यांस पैसा मिळाला. आसपास मोठमोठे गृहप्रकल्प उभे राहिले. सामन्याच्या दिवशीं कांहीं हातांस काम मिळतें. पण ज्यांनीं जमीन राखली त्यांच्या वाट्यास अडलेला रस्ता, खोळंबलेली दुधाची गाडी व वाढलेला उपसा आला. लाभ जमीन सोडणाऱ्यास व तोशीस जमीन कसणाऱ्यास, अशी ही विभागणी आहे. आणि ती कोणीं मुद्दाम केली नसली तरी मोडण्याचा यत्नही कोणीं केलेला दिसत नाहीं.

आपल्या जत्रांतला कुस्त्यांचा फड हाही लहान खेळ नव्हे. चार तालुक्यांचे मल्ल आणि हजारों माणसें एका गांवांत उतरतात. परंतु जत्रेची तिथि सुगी आटोपल्यावर येते. रानें मोकळीं असतात. गाड्या कोणाच्या रानांत सोडावयाच्या, पाहुण्यांस कोणत्या विहिरीचें पाणी द्यावयाचें, हें पंच आधीं बसून ठरवितात, आणि पाणी आटलें त्या वर्षीं जत्रा लहान करतात. पाहुणा व यजमान यांच्यांत करारपत्र नसतें, कारण दोघेही एकाच पंचांगानें बांधलेले असतात. आय.पी.एल. चें पंचांग निराळें. परदेशी खेळाडू केव्हां मोकळे आहेत व शाळांस सुट्टी केव्हां आहे, यांवर तें बसविलेलें असतें. धरणाचा सांठा त्यांत कोठेंच येत नाहीं. बरें, हें पंचांग हलूं शकत नाहीं असेंही नाहीं. लोकसभेच्या निवडणुकांसाठीं २००९ ची सारी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेंत गेली, २०१४ चा पहिला भाग अरब अमिरातींत खेळला गेला. २०२० सालीं साथीमुळें ती चैत्रांतून उचलून आश्विनांत नेली. मे २०२५ मध्यें सरहद्दीवरील लढाईमुळें ती आठवडाभर थांबविली. निवडणूक, साथ व लढाई या तिन्हींस जें वळण मिळतें तें दुष्काळास मात्र न्यायालयाच्या दारांत जाऊन मागावें लागतें, आणि तेंही स्पर्धा सुरू झाल्यावर.

सामने उठवून दुसऱ्या राज्यांत नेणें हा उपाय आमच्या मतें खरा उपायच नव्हे. २०१६ सालीं जेथें जेथें ते नेले तेथेंही उन्हाळाच होता. पाहुण्यास हांकून लावल्यानें हिशेब पुरा होत नाहीं. पाहुणा गेला कीं हिशेबाची वहीही मिटते. त्यापेक्षां २०२४ च्या मार्च महिन्यांत बंगळूर येथें जें झालें तें अनुकरणीय वाटतें. त्या शहरांत पाण्याची टंचाई बिकट झाली तेव्हां तेथील पाणीपुरवठा मंडळानें मैदानास कब्बन पार्क येथील प्रकल्पांत शुद्ध केलेलें सांडपाणी पुरविण्याचें ठरविलें, आणि सामने जागच्या जागीं झाले. मुंबईंत २०१६ सालीं जी सूचना आयत्या वेळीं, टँकरच्या भाषेंत पुढें आली, तीच येथें वेळेवर व पाणीपुरवठा करणाऱ्या मंडळाच्याच वतीनें आली, एवढाच फरक. पण तो लहान फरक नाहीं.

गहुंजे हें पिंपरी-चिंचवड शहराच्या हद्दीस लागून आहे. पवनेचें पाणी पिऊन त्या शहरांत जें सांडपाणी तयार होतें तें शुद्ध करण्याचीं यंत्रें तेथें आहेत. त्या पाण्याचा एक नळ मैदानापर्यंत आणावा, त्याचा खर्च मैदानाच्या मालकांनीं सोसावा, आणि पवनेचा ताजा थेंब हिरवळीवर पडूं नये, हें काम एका उन्हाळ्यांत होण्यासारखें आहे. दुष्काळनिधीस देऊं केलेल्या कोट्यवधींच्या देणगीपेक्षां आम्हांस हा नळ अधिक मोलाचा वाटतो. देणगी देणाऱ्याच्या मर्जीवर असते व ती वर्तमानपत्रांत छापून येते. नळ जमिनीखालीं असतो आणि दर वर्षीं वाहतो.

तोंपर्यंत मावळांतील ग्रामपंचायतींनीं व नदीकांठच्या उपसा सिंचन संस्थांनीं स्वस्थ बसूं नये. मैदानास हल्लीं पाणी कोठून, किती व कोणत्या सदराखालीं मिळतें, त्याची पट्टी काय दरानें आकारली जाते, आणि टंचाईच्या वर्षीं तें तोडण्याची अट करारांत आहे कीं नाहीं, हे प्रश्न जलसंपदा खात्याकडे लेखी विचारावेत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखालीं अर्ज करण्यास दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप पुरतो, व तीस दिवसांत उत्तर देणें खात्यावर बंधनकारक आहे. शहापुराकडील आमच्या वाचकांनीं हेच प्रश्न मुंबई महानगरपालिकेस विचारावेत. करारपत्राची प्रत ज्या गांवास मिळेल त्यानें ती आमच्याकडे पाठवावी. पुढील अंकांत ती जशीच्या तशी छापण्यासाठीं दोन पानें आम्ही राखून ठेवीत आहों.